भुऱ्याच्या खाण्याचा प्रकल्प: नोंदी, मे ते ऑगस्ट २०२५

४ मे, रविवार

लघवी तुंबली म्हणून भुऱ्याला घातलेली नळी (कॅथेटर) काल निघाली, तो घरी आलाय. आजपासून ही वही. काम एकच, या बोक्याला यापुढे काय खायला घालायचं ते ठरवणं.

हातातली माहिती: वय सहा, नसबंदी झालेली, वजन ५.८ किलो (पाच पुरे), लहानपणापासून कोरड्या दाण्यांवर वाढलेला. लघवीत स्ट्रुव्हाइट या क्षाराचे स्फटिक भरपूर, पीएच ७.५ (सातच्या खाली आम्ल, वर उलट), स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे लघवी किती घट्ट ते, १.०५२ (नुसतं पाणी १). सोनोग्राफीत मूत्राशयाच्या तळाशी गाळ आणि साधारण चार मिलिमीटरचा एक खडा. लघवीच्या कल्चरमध्ये जंतू उगवले नाहीत. कुत्र्यांमध्ये स्ट्रुव्हाइट बहुधा जंतूंच्या मागून येतो, मांजरांत मात्र बहुतेक वेळा जंतूंचा काही संबंध नसतो. म्हणून अँटिबायोटिक नाही. शेजारणीने सुचवलेलं तर नाहीच.

डॉक्टरांचं म्हणणं असं: खडा स्ट्रुव्हाइटचा असेल तर खाण्याने विरघळेल. कॅल्शियम ऑक्झलेटचा असेल तर कुठल्याच खाण्याने विरघळत नाही, काढावा लागतो. दोन्ही जाती एक्स-रेत दिसतात, त्यामुळे नुसतं फोटो बघून छातीठोक सांगता येत नाही. लघवीत एका जातीचे स्फटिक आणि खडा दुसऱ्याच जातीचा, असंही निघतं. तेव्हा चार आठवडे विरघळवणारं खाणं आणि मग पुन्हा एक्स-रे.

मधल्या काळातली धास्ती वेगळी. बारीक होत चाललेला खडा नळीत सरकून पुन्हा अडकू शकतो. बोक्याची मूत्रनलिका मांजरीपेक्षा अरुंद असते. लघवी पूर्ण तुंबली तर एक-दोन दिवसांत रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडू शकतं. म्हणून त्याच्या संडासाच्या टबातले ओले गोळे (टबात भरलेली माती, म्हणजे लिटर, लघवीने गोळा धरते) सकाळ-संध्याकाळ मोजायचे. सकाळी मी, संध्याकाळी नवरा. फ्रिजवर कागद लावलाय.

६ मे, मंगळवार

लेबलं. हे माझं रोजचं काम. मी एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे, दिवसभर बिस्किटांच्या पुड्यांवरचे आकडे तपासते. तरी पार्ल्याच्या दुकानात मांजरांच्या पिशव्यांपुढे अर्धा तास उभी होते.

पहिली अडचण म्हणजे कोरड्या आणि ओल्या खाण्याचे आकडे शेजारी शेजारी ठेवून वाचता येत नाहीत. दाण्यांवर प्रथिनं ३२ टक्के, पाउचवर ८.५. दुकानातला मुलगा म्हणाला, "ताई, दाण्यात जास्त ताकद." दाण्यांत पाणी १० टक्के, पाउचमध्ये ८२. पाणी वजा करून हिशेब केला तर दाण्यांत प्रथिनं साधारण ३६ टक्के येतात आणि पाउचमध्ये ४७. मुलाला कॅल्क्युलेटरवर दाखवलं. त्याने मान डोलावली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तेच वाक्य ऐकवलं.

दुसरी अडचण: मला हवे असलेले आकडे, म्हणजे मॅग्नेशियम, फॉस्फरस, सोडियम आणि खाण्यामुळे लघवीचा पीएच किती राहील ते, बहुतेक पिशव्यांवर छापलेलेच नसतात. राखेचं प्रमाण क्वचित असतं. राखेवरून निवडायची पद्धत जुनी. स्ट्रुव्हाइट म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट, तेव्हा राख कमी तर खडे कमी असा तो हिशेब होता. पण राख म्हणजे सगळीच खनिजं मिळून. त्यात मॅग्नेशियम किती, हे ती सांगत नाही.

मग ऐंशीच्या दशकात कंपन्यांनी मॅग्नेशियम उतरवलं आणि लघवी आम्लधर्मी होईल अशी खाणी बनवली. त्याचं काय झालं ते अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या मूतखडा केंद्राच्या आकड्यांत दिसतं. १९८१ मध्ये त्यांच्याकडे तपासायला आलेल्या मांजरांच्या खड्यांत ७८ टक्के स्ट्रुव्हाइट होते, ऑक्झलेट जेमतेम २. दोन हजारच्या सुमाराला ऑक्झलेट निम्म्याच्या वर आणि स्ट्रुव्हाइट एक तृतीयांश. एक दार लावलं, दुसरं उघडलं. सगळा दोष खाण्याच्या आम्लतेवरच टाकता येणार नाही, पण 'जितकं आम्ल तितकं चांगलं' हे सूत्र मी वहीतून खोडलं. डॉक्टरांना हवाय पीएच ६ ते ६.५.

पिशवीवर पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात 'युरिनरी' लिहिलेलं असतं, त्यावरूनही काही ठरत नाही. दुकानातलं नेहमीचं 'युरिनरी केअर' आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायचं उपचाराचं खाणं या दोन वेगळ्या वस्तू. खडा विरघळवून दाखवण्याची जबाबदारी पहिलं घेत नाही. रॉयल कॅनिनचं युरिनरी एस/ओ, हिल्सचं सी/डी, फार्मिनाचं व्हेट लाइफ स्ट्रुव्हाइट, ही दुसऱ्या गटातली. यातलं एक डॉक्टरांनी लिहून दिलं. कोणतं ते मुद्दाम लिहीत नाही, कारण उद्या कोणी ही वही वाचली तर नाव उचलेल आणि तपासणी सोडून देईल.

६ मे, रात्री

आता पाणी. माझ्या मते सगळं इथेच ठरतं.

मांजरांचे पूर्वज वाळवंटी भागातले. तहान मंद, आणि त्यांची किडनी लघवी फार घट्ट करू शकते. भुऱ्याची १.०५२ ही निरोगी मांजरासाठीही सर्वसाधारण, पण खडे होणाऱ्याला परवडणारी नाही. त्याला १.०३० च्या खाली आणायचंय. लघवी पातळ झाली की कुठलीच खनिजं सहज जमत नाहीत, स्ट्रुव्हाइट असो वा ऑक्झलेट. पीएचचं तसं नाही. एकीकडे ओढलं की दुसरीकडे ताण येतो.

दिवसाला सध्या २१० कॅलरी द्यायच्यात. दाण्यांतून: ५५ ग्रॅम, त्यात पाणी पाच मिलिलिटर. पाउचमधून: तीन पाउच म्हणजे २५५ ग्रॅम, त्यात पाणी दोनशेच्या वर. दाणे खाणारं मांजर वाटीतून जास्त पितं हे खरं, पण ही तफावत भरून काढण्याइतकं बहुतेक मांजरं पीत नाहीत.

म्हणून पहिल्या टप्प्यात फक्त पाउच. महिन्याचा खर्च घरच्या दुधाच्या बिलाच्या वर जातोय. नवऱ्याने आकडा बघितला आणि काही न बोलता चष्मा पुसला.

९ मे, शुक्रवार

सासूबाईंशी बैठक. त्या लालबागला वाढलेल्या, लहानपणी मांजर आजारी पडलं की परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात न्यायचे. (बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल, १८८३ चं. बैलघोडा हेच नाव लोकांच्या तोंडी.) त्यांचं म्हणणं, "अगं, आमची मांजरं दूधभातावर चौदा-चौदा वर्षं जगली. कुणाला खडे झाले नाहीत."

"आई, तुमची मांजरं चाळीतले उंदीरही खात होती."

उंदराच्या अंगात साधारण दोन तृतीयांश पाणी असतं. दूधभात हे वरचं खाणं होतं, खरं जेवण उंदीर. त्यांना हे पटलं, किंवा उंदरांचा विषय नकोसा झाला.

खरा वाद सुकटीवरून. त्या दुपारी भुऱ्याला चिमूटभर सुकट आणि कधी सुक्या बोंबलाचं टोक देतात. मीठ आहेच, शिवाय सुकटीत कवच आणि बोंबलात काटा सगळं आलं, म्हणजे खनिजांची पुडीच. मुद्दा चिमटीचा नाही. उपचाराचं खाणं मोजून बनवलेलं असतं, त्याच्या जोडीला दुसरं काही गेलं की लघवीचा पीएच कुठे जाईल सांगता येत नाही. चार आठवडे पाउच सोडून काहीही नाही, यावर तडजोड झाली. नंतर उकडलेल्या मांदेलीबद्दल बोलू, असं मीही कबूल केलं.

घरी चिकन उकडून घालावं का, हाही प्रश्न निघाला. नुसतं उकडलेलं चिकन कायमचं जेवण होऊ शकत नाही. त्यात कॅल्शियम जवळजवळ नाही, आणि टॉरिन (मांजराला खाण्यातूनच मिळावं लागणारं अमिनो आम्ल) उकळत्या पाण्यात उतरतं. टॉरिनच्या कमतरतेने मांजरांचं हृदय फुगून निकामी होतं हे १९८७ मध्ये सिद्ध झालं, तेव्हा तर ती विकतची नामांकित खाणी खाणारी मांजरं होती. कंपन्यांनाही तेव्हा जमलं नव्हतं, तर माझ्या कुकरकडून काय अपेक्षा.

१३ मे, मंगळवार

भुऱ्या पाउचमधला रस्सा चाटतो आणि तुकडे ताटलीत तसेच ठेवतो. तुकडे पांढरे पडेपर्यंत स्वच्छ चाटलेले, चावा एकालाही नाही.

सक्ती करायची सोय नाही. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साचते आणि नवीनच दुखणं उभं राहतं. 'भूक लागली की खाईल' हा नियम मुलांना चालतो, मांजराला नाही.

आज जमलं ते असं: पाउच न फोडता पेल्यातल्या गरम पाण्यात पाच मिनिटं बुडवून ठेवलं. उंदराच्या अंगाइतकं कोमट व्हावं, जास्त नाही. मग तुकडे काट्याने रगडून रश्शातच कालवले, चटणीसारखे. वास दरवळला आणि हा स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत चढून आला. अर्धं पाउच संपलं. उरलेलं झाकण घालून फ्रिजमध्ये.

मे महिन्यात ओलं खाणं बाहेर ठेवता येत नाही. तासाभरात उचलायचं. त्याआधी मुंग्या येतात. ताटली पाणी भरलेल्या परातीत ठेवली, मुंग्यांचा प्रश्न मिटला. परातीतलं पाणी मात्र भुऱ्या आपल्या वाटीपेक्षा आवडीने पितो. आता परात रोज दोनदा बदलतो.

१८ मे, रविवार

माईचा प्रश्न. माई ही सासूबाईंची तेरा वर्षांची मांजर, क्रिएटिनिन वाढलेलं, किडनीचा आजार सुरुवातीच्या टप्प्यात. आम्ल करणारं खाणं तिला चालत नाही. काही युरिनरी खाण्यांत पाणी पिण्यासाठी मुद्दाम मीठ वाढवलेलं असतं, तेही तिच्या डॉक्टरांना नको. आणि माईला अर्थातच भुऱ्याचंच ताट हवं असतं.

भरलेली वाटी दिवसभर पडून राहायचे दिवस संपले. तीन वेळची जेवणं, भुऱ्या बाल्कनीत, माई सासूबाईंच्या खोलीत, वीस मिनिटांनी दोन्ही ताटल्या उचलायच्या. पहिले दोन दिवस बाल्कनीच्या दाराशी आरडाओरडा. आता सवय झालीय.

२६ मे, सोमवार

पाऊस. मे महिन्यातच. गाड्या उशिरा, कामाला जाणं रद्द. ओले गोळे सकाळी दोन, संध्याकाळी दोन. सगळं ठीक.

३१ मे, शनिवार

फेरतपासणी. लघवीचा नमुना गोळा करायची तऱ्हा लिहून ठेवते: टब धुऊन कोरडा, लिटरच्या जागी मत्स्यालयातले धुतलेले प्लॅस्टिकचे मणी, ते लघवी शोषत नाहीत. काम झालं की सिरिंजने ओढून घ्यायचं. मग तासाभरात दवाखाना. फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. थंड नमुन्यात नसलेले स्फटिक तयार होतात, आणि बाहेर पडून राहिला तर पीएच वर जातो. रिपोर्ट वाईट येतो, आणि त्यावरून लोक खाणं बदलतात. पार्ल्याहून अंधेरीला रिक्षा, पर्समध्ये बोक्याची लघवी, सिग्नलला सव्वा सात.

मेडिकलमधल्या पट्टीवर स्पेसिफिक ग्रॅव्हिटीचाही चौकोन असतो. मांजरासाठी तो निरुपयोगी, रिफ्रॅक्टोमीटरच (द्रव किती घट्ट ते प्रकाशाच्या वाकण्यावरून मोजणारं उपकरण) लागतो. "तुमच्या कारखान्यात आहे की," नवरा म्हणाला. तो साखर मोजतो.

निकाल: ग्रॅव्हिटी १.०२८, पीएच ६.३. एक्स-रेत खडा निम्म्याहून लहान. म्हणजे स्ट्रुव्हाइट. डॉक्टरांनी पुढे चालू ठेवायला सांगितलं, आणि खडा दिसेनासा झाल्यावरही काही आठवडे खाणं बंद करायचं नाही, कारण एक्स-रेत न दिसणारे कण उरतात.

२९ जून, रविवार

खडा दिसत नाही. वजन ५.६.

भावजयीने क्रॅनबेरीच्या गोळ्या पाठवल्यात, माणसांच्या. बाजूला ठेवल्या. त्यांनी मांजरातले खडे जातात याला आधार नाही, आणि व्हिटॅमिन सीचं शरीरात ऑक्झलेट होतं. तसंच आम्ल वाढवणारं सिरप: खाणं आधीच आम्ल करणारं असताना वर सिरप म्हणजे एकाच कामाचे दोन डोस. डॉक्टरांनी स्पष्ट नको म्हटलं.

पुढच्या टप्प्याची आखणी. तीनही पाउच कायमचे परवडणार नाहीत. दोन पाउच (१४० कॅलरी) आणि त्याच कंपनीचे, त्याच उपचाराचे दाणे १८ ग्रॅम, चाळीस मिलिलिटर कोमट पाण्यात भिजवून. एकूण पाणी पावणेदोनशेच्या आसपास, परातीतलं वेगळं. दाणे स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजायचे, वाटीने नाही. नवऱ्याची वाटी आणि माझी वाटी यात कॅलरींचा बराच फरक निघाला.

मांदेलीचं वचन पाळलं. उकडलेली, मीठ-हळद-लसूण काही नाही, काटा काढून, आठवड्यातून एकदा एक. कांदा-लसूण मांजराच्या रक्तपेशी फोडतो, तेव्हा आपल्या कालवणातलं उचलून द्यायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, "काटा काढून? मांजराला?" पण काढतात.

२० जुलै, रविवार

गुरुवारपासून भुऱ्या सारखा टबात जाऊन बसत होता. थेंब थेंब, एकदा गुलाबी. तडक दवाखाना. मूत्राशय लहान आणि मऊ, म्हणजे तुंबलेलं नाही. खडा नाही, स्फटिक नाहीत, जंतू नाहीत. ग्रॅव्हिटी १.०२६.

घरी येताना डोक्यात एकच: खाणं चुकलं का, बदलायचं का. डॉक्टरांनी विचारलं, घरात काय बदललं? शेजारच्या इमारतीचा पुनर्विकास. सोमवारपासून पायलिंग (पायाचे खांब ठोकणं), सकाळी नऊ ते सहा, खिडक्या थरथरतात. भुऱ्याची जेवणाची बाल्कनी त्याच बाजूला.

मांजरांच्या लघवीच्या तक्रारींत निम्म्याहून जास्त वेळा खडा, जंतू काहीच सापडत नाही. मूत्राशयाला सूज असते आणि तिच्यामागे बहुतेकदा ताण असतो. हा झटका बहुधा आठवड्याभरात आपोआप ओसरतो. हे कळल्यावर मला इतक्या दिवसांत ऐकलेल्या सगळ्या शिफारशींचा उलगडा झाला. मांजर कण्हायला लागतं, मालक घाबरून खाणं बदलतो, पाचव्या दिवशी मांजर बरं होतं, आणि श्रेय नव्या पिशवीला जातं. पुढच्या झटक्याला दुसरी पिशवी. अशाने प्रत्येक कंपनीला भक्त मिळतात, आणि प्रत्येक भक्ताकडे खराखुरा अनुभव असतो.

मग खाण्याचा इथे काहीच हात नाही का? आहे, पण तो पाण्याचा. १९९९ च्या एका अभ्यासात अशाच मांजरांना एकच खाणं दोन रूपांत दिलं, डब्यातलं ओलं आणि कोरडं. वर्षभरात ओलं खाणाऱ्यांपैकी ११ टक्क्यांना त्रास पुन्हा झाला, कोरडं खाणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना. ताणासाठी दुधातल्या प्रथिनाचा अंश आणि ट्रिप्टोफॅन घातलेली खाणीही मिळतात. डॉक्टर म्हणाले, आधी आवाजाचं बघा.

निर्णय: खाणं तेच. वेदनाशामक औषध. जेवणाची जागा बाल्कनीतून आतल्या बेडरूममध्ये. कपाटावर खोका, आत जुनी गोधडी. टब आता तीन, दोन मांजरांना एक जास्तीचा. नवरा म्हणतो, घरात माणसांच्या संडासांपेक्षा मांजरांच्या संडासांची संख्या जास्त झाली.

२४ जुलै

नेहमीसारखे गोळे. पायलिंग चालूच.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून मुसळधार, शाळा-ऑफिसं बंद, पाउचची ऑर्डर अडकली. घरात चार पाउच. अशा वेळी शेजारच्या दुकानातलं मिळेल ते आणण्यापेक्षा त्याच औषधी दाण्यांना दुप्पट पाण्यात भिजवणं बरं. भुऱ्याने नाक मुरडलं, पण चिकनचं बिनमिठाचं पाणी दोन चमचे घातल्यावर खाल्लं. यापुढे घरात कायम दहा दिवसांचा साठा, आणि त्याच उपचाराची पेस्टसारखी जात अधूनमधून द्यायची, म्हणजे एक संपली तर दुसरी अनोळखी वाटणार नाही.

वजन ५.३. सावकाश उतरतंय, तसंच हवं.

२४ ऑगस्ट, रविवार

गणपतीला उद्या रात्री गावी निघतोय, पाच दिवसांचा असतो. मांजरं इथेच, समोरच्या काकू बघणार. माईची औषधं सासूबाईंनी वेगळी समजावून दिली. भुऱ्याचा कागद माझा, जसाच्या तसा इथे उतरवते:

काकू, भुऱ्या आतल्या खोलीत जेवतो, माई आईंच्या खोलीत. दारं बंद करून द्या, वीस मिनिटांनी ताटल्या उचला. सकाळी एक पाउच, रात्री एक, गरम पाण्यात पाच मिनिटं, मग रगडून. दुपारचे दाणे पुड्यांत मोजून ठेवलेत, रोजची एक पुडी, भिजवायला निळा कप. परातीतलं पाणी दोन वेळा बदला. मोदक, पेढा, दूध काही नको, तो मागेल तरी. ढोल वाजायला लागले की खिडक्या लावून घ्या, तो कपाटावरच्या खोक्यात जाईल, त्याला काढू नका.

टबातले गोळे मोजून फ्रिजवरच्या कागदावर लिहा. सकाळपासून रात्रीपर्यंत एकही ओला गोळा नसेल, किंवा तो टबात बसून कुंथत असेल आणि काही येत नसेल, तर सकाळची वाट बघू नका. रात्री चालू असणाऱ्या दवाखान्याचा नंबर कागदाच्या मागे आहे. पिंजरा दाराशी ठेवलाय, पैसे त्याच्यावरच्या पाकिटात. आधी रिक्षा करा, मला फोन रिक्षात बसल्यावर करा.